विकत घेतलेली गाणी कोणाच्या मालकीची?

आपल्या घरात गाणे येण्याचे मार्ग गेल्या चाळीस वर्षांत चार-पाच वेळा बदलले. आधी रेडिओ, मग टेपरेकॉर्डर, मग व्हीसीडी-डीव्हीडी, मग मेमरी कार्ड आणि आता मोबाईलवरचे ॲप. प्रत्येक वेळी आपल्याला सांगण्यात आले की आता पूर्वीपेक्षा सोपे झाले, स्वस्त झाले. सोपे झाले हे खरेच आहे. पण या प्रवासात एक गोष्ट हातातून गुपचूप निसटली आणि तिच्याकडे आपले लक्षच गेले नाही. ती गोष्ट म्हणजे मालकी. कॅसेट विकत घेतली की ती आपली होती. कंपनीचा माणूस रात्री येऊन आपल्या ट्रंकेतली कॅसेट उचलून नेऊ शकत नव्हता. आज आपण दरमहा पैसे भरतो, 'माझी गाणी' नावाची यादी तयार करतो आणि समजतो की ती गाणी आपली आहेत. ती आपली नसतात. ती भाड्याची असतात आणि भाडेकराराचा कागद आपण न वाचताच 'मान्य आहे' या बटणावर बोट ठेवलेले असते.

यात अतिशयोक्ती नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने आपल्या अमेरिकी ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून जॉर्ज ऑरवेल यांची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' ही पुस्तके परस्पर पुसून टाकली. लोकांनी ती पैसे मोजून घेतली होती. ज्याने ती पुस्तके विक्रीला ठेवली त्याच्याकडे हक्क नव्हते, असे कारण कंपनीने दिले, पैसे परत केले, पुढे माफीही मागितली. पण विकलेली वस्तू ग्राहकाच्या घरातून परत काढून घेता येते, हे जगाला त्या दिवशी कळले. मार्च २०१९ मध्ये मायस्पेस या एकेकाळच्या मोठ्या संकेतस्थळाने मान्य केले की सर्व्हर बदलताना लोकांनी पूर्वी चढवलेली गाणी, छायाचित्रे, व्हिडिओ कायमचे गेले. आपल्याकडे रेसो हे गाण्यांचे ॲप ३१ जानेवारी २०२४ रोजी बंद झाले आणि त्याच वर्षी एअरटेलने विंक म्युझिक गुंडाळले. ज्यांनी वर्षानुवर्षे याद्या जमवल्या होत्या त्यांच्या हाती काय उरले?

फोटोंचेही तेच. गुगल फोटोजने 'हवे तेवढे ठेवा, फुकट ठेवा' म्हणत लोकांना सवय लावली आणि १ जून २०२१ पासून ती सवलत बंद केली. आता ईमेल, कागदपत्रे आणि फोटो मिळून १५ जीबी, त्यापुढे भाडे. इतकेच नव्हे, तर दोन वर्षे न वापरलेली खाती पुसण्याचे धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू झाले. आपली आई वारली, तिच्या खात्यात तिने काढलेले फोटो आहेत, पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही. दोन वर्षे कशी जातात ते दुःखात असलेल्या घराला विचारा.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने यावर एक लहानसा कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तूला 'विकत घ्या' असे बटण लावणाऱ्या दुकानाला स्पष्ट सांगावे लागते की ग्राहकाला मिळतो तो फक्त परवाना, मालकी नव्हे. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तरतूद आहे. ती या बटणापर्यंत नेता येईल, असे माझे मत आहे. कोणीतरी ग्राहक आयोगात जाऊन ते करून पाहिले पाहिजे.

तोवर काय करायचे? एक मार्ग आहे आणि तो वाटतो तितका अवघड नाही. नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज, बोलीभाषेत 'नॅस'. नाव भारदस्त, वस्तू साधी. चपलांच्या खोक्याएवढा डबा, त्यात एक छोटा संगणक आणि दोन किंवा चार हार्ड डिस्क. ना पडदा, ना कीबोर्ड. हा डबा वायफायच्या राउटरला केबलने जोडून कपाटावर ठेवून द्यायचा. मग घरातला टीव्ही, मोबाईल, लॅपटॉप, सगळ्यांना तो दिसतो. गाणी, सिनेमे, लग्नाची सीडी, मुलांचे फोटो, सर्व एकाच ठिकाणी. आजी बाहेरच्या खोलीत टीव्हीवर जुना सिनेमा पाहते, नात आतल्या खोलीत मोबाईलवर गाणे ऐकते आणि दोघींनाही एकच डबा पुरवठा करतो. यासाठी इंटरनेटही लागत नाही, कारण सगळी देवघेव घरातल्या घरात राउटरमार्फत चालते. नेट गेले तरी गाणे थांबत नाही.

हे जमते कसे? डब्याचे काम दोन प्रकारचे असते. पहिले, फाइली जपणे आणि मागेल त्याला देणे. विंडोजच्या संगणकाला समजेल अशा भाषेत हे करणारा 'सांबा' नावाचा प्रोग्राम ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने १९९२ च्या सुमारास लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला ठेवला. आजही असंख्य नॅस डब्यांच्या पोटात तोच चालतो. दुसरे काम स्ट्रीमिंगचे. यात आख्खी फाइल मोबाईलवर उतरवावी लागत नाही. डबा तिचे तुकडे एकामागून एक पाठवतो आणि टीव्ही ते वाजवत जातो. बहुतेक स्मार्ट टीव्हींना 'डीएलएनए' नावाची पद्धत कळते, त्यामुळे डबा सुरू केला की तो टीव्हीच्या यादीत आपोआप दिसू लागतो. याहून नीटनेटके हवे असेल तर जेलीफिन घालावे. हे सॉफ्टवेअर डिसेंबर २०१८ मध्ये जन्मले. एम्बी नावाच्या सॉफ्टवेअरने आपला खुला मसुदा बंद केला, तेव्हा काही स्वयंसेवकांनी शेवटची खुली आवृत्ती घेऊन वेगळी चूल मांडली. त्याचे पैसे लागत नाहीत आणि ते कोणत्याही कंपनीच्या खात्याशी बांधलेले नाही. प्लेक्स नावाचे दुसरे सॉफ्टवेअर दिसायला सुबक आहे, पण त्याने एप्रिल २०२५ मध्ये घराबाहेरून पाहण्याला पैसे लावले. फुकट मिळालेली सवलत कशी परत घेतली जाते, हे पुन्हा दिसले.

खरेदी करताना दुकानदार जे सांगत नाहीत ते सांगतो. टीव्हीला ज्या प्रकारचा व्हिडिओ समजत नाही तो डब्याला जागच्या जागी बदलून द्यावा लागतो. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. स्वस्त डब्याचा प्रोसेसर यात धापा टाकतो आणि चित्र अडखळते. तेव्हा एकतर बऱ्यापैकी प्रोसेसर घ्या किंवा फाइली आधीच एच २६४ या प्रकारात करून ठेवा. तो प्रकार जवळजवळ प्रत्येक यंत्राला कळतो. दुसरे, डबा आणि राउटर यांच्यामध्ये वायफाय नको, तारच हवी. तिसरे, हार्ड डिस्क नॅससाठीचीच मागा आणि ती कोणत्या पद्धतीने लिहिते ते विचारा. वेस्टर्न डिजिटलने आपल्या नॅससाठी विकलेल्या काही 'रेड' डिस्कमध्ये संथ अशी एसएमआर पद्धत वापरल्याचे एप्रिल २०२० मध्ये उघड झाले. खोक्यावर त्याचा उल्लेख नव्हता, अमेरिकेत खटले झाले. ग्राहकाने प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

हा खर्च सर्वांना परवडणारा नाही, याची मला जाणीव आहे. डब्यापेक्षा डिस्कच महाग पडतात. पण ज्यांच्या घरी जुना डेस्कटॉप धूळ खात पडला आहे त्यांनी त्यात डिस्क घालून ओपनमीडियाव्हॉल्ट हे फुकट सॉफ्टवेअर टाकले तरी तेच काम होते. आपल्या वस्तीतली संगणक शिकलेली मुले-मुली हे एका रविवारी करून देतील. फरक विजेच्या बिलात पडतो. दोन डिस्कचा डबा साधारण १५ ते २० वॅट खातो, म्हणजे महिन्याला बारा-चौदा युनिट. जुना डेस्कटॉप रात्रंदिवस चालू ठेवला तर त्याच्या तिप्पट-चौपट. म्हणून तो लागेल तेव्हाच सुरू करावा. आणि लहानसा यूपीएस कुठेही लागतोच. लिहिता लिहिता वीज गेली तर डिस्कचे हाल होतात.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. सिनेमाची गाणी आज ना उद्या कुठेतरी मिळतात. पण आपल्या घरांतल्या कॅसेटांत जे आहे ते कुठेच मिळत नाही. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत कॅसेट स्वस्त झाली, तेव्हा गाणे छापणे हे दोन-चार बड्या कंपन्यांचे काम उरले नाही. तालुक्याच्या गावात कॅसेटी निघू लागल्या. आपल्या वस्त्यांतल्या गायन पार्ट्या, जयंतीच्या रात्रीचे सामने, सभेतली भाषणे, बाजूच्या ओट्यावर टेपरेकॉर्डर ठेवून भरून घेतलेले आवाज. पैकी बरेचसे विक्रीला आलेच नाहीत. एकच प्रत, तीही एखाद्या काकांच्या पेटीत. कॅसेटची फीत चुंबकीय आहे. दमट हवेत तिला बुरशी लागते, फीत चिकटते, दाबाची गादी निघून पडते. गाणारे गेले, ऐकणारे म्हातारे झाले. आता फीतही जात आहे.

ती उतरवून घेणे अवघड नाही. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रातून केबल संगणकात घालायची आणि ऑडॅसिटी या फुकट प्रोग्रामने ध्वनिमुद्रण करायचे. आधी हेड साफ करावे, फीत एकदा पुढे-मागे फिरवून सैल करावी. नव्वद मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जाने जशीच्या तशी ठेवली तर एक जीबीच्या आतबाहेर होते. फ्लॅक या प्रकारात ठेवली तर आवाजात काहीही न गमावता साधारण निम्मी जागा लागते. एमपी३ केली तर शंभर एमबीच्या आतच मावते, पण मूळ प्रत एमपी३ करू नये, ती वाटण्यासाठी करावी. चार टीबीच्या डिस्कवर जशाच्या तशा ठेवल्या तरी चार हजारांच्या आसपास कॅसेटी बसतील. म्हणजे जागेचा प्रश्नच नाही, प्रश्न वेळेचा आहे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीला नव्वद मिनिटेच लागतात. आणि फाइलीला नाव देताना गाव, वर्ष, गायक, प्रसंग हे मराठीतच लिहावे. 'ट्रॅक ०१' असे नाव असलेली फाइल दहा वर्षांनी कोणाच्याच उपयोगाची नसते. नावे ठाऊक असलेली ज्येष्ठ मंडळी घरात आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून हे काम करावे.

वकील म्हणून लोक मला विचारतात, हे कायदेशीर आहे का? उत्तर दोन भागांत आहे.

घरातल्या घरात ऐकणे, पाहणे, साठवणे याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ५२(१)(अ) आधार देते. खासगी किंवा व्यक्तिगत वापरासाठी केलेला प्रामाणिक व्यवहार हा भंग नव्हे. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात स्पष्टीकरण घालण्यात आले की अशा कारणासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणे हाही भंग नव्हे. माझ्या वाचनाप्रमाणे स्वतः विकत घेतलेल्या कॅसेटीची किंवा सीडीची प्रत स्वतःच्या डब्यात ठेवणे यात बसते. डीव्हीडीचे कुलूप तोडण्याबाबत कलम ६५अ आहे, पण त्यात हक्कभंगाचा हेतू हा शब्द महत्त्वाचा आहे. एखाद्याचा कार्यक्रम स्वतःच्या खासगी वापरासाठी ध्वनिमुद्रित केला असेल तर कलम ३९ संरक्षण देते. लग्नाच्या व्हिडिओबाबत तर लोकांना फारच कमी माहिती असते. कलम १७(ब) म्हणते की पैसे देऊन कोणी छायाचित्र किंवा चित्रफीत काढून घेतली आणि विरुद्ध करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे आपल्या लग्नाच्या शूटिंगचा कॉपीराइट स्टुडिओवाल्याचा नसून आपला असतो. पूर्ण, न कापलेले चित्रीकरण ठरवतानाच लेखी मागून घ्यावे. नंतर स्टुडिओ बंद होतो आणि डिस्क भंगारात जाते.

दुसरा भाग वाटण्याचा. घरच्यांना देणे वेगळे आणि डब्याचा दुवा साऱ्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे वेगळे. त्याला कायदा 'लोकांपर्यंत पोहोचवणे' म्हणतो आणि तो हक्क मालकाचा आहे. जाणूनबुजून केलेल्या भंगाला कलम ६३ खाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. मग इमारतीच्या सभागृहात सर्वांनी मिळून ऐकायचे असेल तर? त्यासाठी कलम ५२(१)(के) आहे. रहिवाशांच्या सामाईक खोलीत किंवा नफ्यासाठी न चालणाऱ्या मंडळाच्या कार्यक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवता येते. चौकात कर्णा लावून नव्हे, हे ध्यानात ठेवावे. आणि काळाचा हिशेबही आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो, कवीचा त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. म्हणजे वस्तीतल्या एखाद्या शाहिराचे गाणे आपल्याकडेच तेवढे असले तरी ते जगासमोर ठेवण्याआधी त्याच्या मुलाबाळांची परवानगी घ्यायची आहे. आयुष्यभर ज्याला मानधनही धड मिळाले नाही, निदान त्याच्या वारसांना विचारावे तरी. कायद्याने सांगितले नसते तरी हे करायला हवे होते.

आणखी एक गोष्ट ओघात सांगतो. मोबाईलवर काढलेला व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून फिरला की दाबून लहान होतो, मूळ फाइल राहत नाही. उद्या तो पुरावा म्हणून लागला तर? १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे. पूर्वीच्या ६५ब प्रमाणे त्यातही प्रमाणपत्र लागते, शिवाय त्या नमुन्यात फाइलीचे हॅश मूल्य द्यावे लागते. मूळ फाइल काढल्या दिवशीच घरच्या डब्यात गेलेली असेल तर वकिलाचे अर्धे काम हलके होते.

हे सगळे ऐकून कोणी लगेच डबा इंटरनेटला उघडा करू नये. घराबाहेरून पाहता यावे म्हणून लोक राउटरचे पोर्ट उघडतात आणि तिथेच घात होतो. २०१४ मध्ये सिनॉलॉजीच्या डब्यांवर सिनोलॉकर आला, फाइलींना कुलूप घालून बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. जानेवारी २०२२ मध्ये क्यूनॅपच्या डब्यांवर डेडबोल्ट आला, तेच धंदे. आणि जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलचे माय बुक लाइव्ह हे जुने डबे लोकांच्या घरात बसल्या जागी रिकामे झाले. कंपनीने २०१५ नंतर त्यांना सुरक्षेच्या सुधारणा देणे बंद केले होते, डबे मात्र नेटला जोडलेलेच होते. म्हणून बाहेरून पाहायचेच असेल तर वायरगार्डसारख्या व्हीपीएनमधून पाहावे, 'ॲडमिन' हे आयते नाव बंद करावे, सुधारणा वेळच्या वेळी घ्याव्यात.

दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिला जातो, त्याला रेड-१ म्हणतात. एक डिस्क मेली तरी दुसरी चालते. पण लोक याला सुरक्षित प्रत समजतात, ती चूक आहे. चुकून पुसले तर दोन्हींवर पुसले जाते. चोर डबाच उचलून नेईल, पुराचे पाणी दोन्ही डिस्कवर चढेल. छायाचित्रकारांत तीन-दोन-एक असा नियम आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या घरात. आपल्याकडे हे सोपे आहे, कारण भावंडे वेगवेगळ्या गावी असतात. पुण्यातल्या भावाने नागपूरच्या बहिणीकडे एक डिस्क ठेवावी, तिची एक आपल्याकडे ठेवावी. दिवाळीच्या सुट्टीत भेटले की बदलून घ्यावी.

आणि किल्ली कोणाकडे? बहुतेक घरांत पासवर्ड थोरल्या मुलाकडे असतो. आईचे फोटो, सुनेचे बाळंतपणातले फोटो, सगळे त्याच्या मर्जीवर. नवरा-बायकोत बिनसले की सर्वांत आधी पासवर्ड बदलतो. डब्यात प्रत्येकाला वेगळे खाते देता येते, कोणाला काय दिसावे हेही ठरवता येते. ते पहिल्याच दिवशी करावे. बाईच्या फोल्डरला बाईचाच पासवर्ड असावा. मुख्य पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घालून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवावा आणि मृत्युपत्र करणाऱ्याने डबा कोणाला द्यायचा हेही त्यात लिहावे. तो डबा ही जंगम मालमत्ता आहे, ती वारसाला मिळते. कंपनीच्या खात्याचे तसे नसते.

सुरुवात कुठून करावी असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की डबा नंतर घेतला तरी चालेल, आधी एक टेपरेकॉर्डर दुरुस्त करून घ्या. पट्टे आणि हेड बदलून देणारे कारागीर आता शोधावे लागतात. मग ज्या कॅसेटीची दुसरी प्रत कुठेच नाही ती पहिली काढा. सिनेमाच्या गाण्यांचा नंबर शेवटी.